दाजी मेस्त्रींचा उंबरा

रविवार, संक्रांतीनंतरचा पहिला. हजर: सासूबाई (वॉकरसह), शिरीष, मी, दाजी मेस्त्री. गैरहजर: दाजींबरोबर येतो म्हणालेला प्लंबर. विषय: बाथरूम.

घरात काही ठरवायचं असलं की मी अशी नोंद करून ठेवते. शिरीष, म्हणजे माझा नवरा, हसतो. पण फ्रिजवाल्याचा नंबर हवा असला की त्याच वहीत शोधतो. त्या रविवारची नोंद मी मुद्दाम नीट केली होती, कारण विषय आईंचा होता.

आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन त्या नुकत्याच वॉकर घेऊन चालू लागल्या होत्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: बाथरूमला पायरी नको, उंबरा नको, लादी घसरडी नको आणि भिंतीला धरायला दांडा हवा. एवढं केलंत तर त्या स्टुलावर बसून आपली अंघोळ आपण करतील. तोपर्यंत दिवसा येणारी संगीता त्यांना पलंगावरच ओल्या कपड्याने पुसून घ्यायची. त्या वेळी आई भिंतीकडे तोंड करून, डोळे घट्ट मिटून पडून राहायच्या. नंतरही बराच वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत. सख्ख्या बहिणीसमोर कधी साडी बदलली नाही अशी बाई. एकदा केस विंचरता विंचरता मला म्हणाल्या, "दार लावून आंघोळ करूक मिळाली, की मी बरी झालंय असा समज."

घरात बाथरूम दोन. आमच्या खोलीतलं इतकं अरुंद की त्यात वॉकर वळत नाही. म्हणजे पॅसेजमधलं मोठं बाथरूम दुरुस्त करणं, आणि लवकर करणं, एवढं एकच काम होतं. त्यासाठी मी मालाडच्या दोन कंत्राटदारांची नावं काढून ठेवली होती. पण आईंनी वॉकर जागच्या जागी आपटला. "दाजी मेस्त्रीक बोलव. आपलो माणूस आसा."

आपला माणूस, कारण दाजींचं गाव आईंच्या माहेरच्या गावापासून एक ओढा ओलांडला की लागतं. आमच्या दिंडोशीच्या कॉलनीत निम्म्या घरांची कामं त्यांनी केलेली. ती कशी केली आहेत, हे मात्र कुणी आपणहून सांगत नसे. "दाजी ना? माणूस एकदम झकास," इतकंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

दाजी उंच, किडकिडीत, साठीच्या पुढचे. चष्म्याची एक काडी तुटलेली आणि तिच्या जागी लोखंडी सळ्या बांधायची तार वळवून लावलेली. घरात आले की खुर्चीत बसायचे नाहीत. बादली मागायचे, ती उलटी टाकायचे आणि तिच्यावर राजासारखे बसायचे. त्या पहिल्या रविवारीही तसंच झालं. मग उठून बाथरूमच्या भिंतींवर बोटांच्या पेरांनी ठोकत हिंडले. ठोकायचं, डोळे मिटायचे, ऐकायचं. "पोकळ आसा," असं प्रत्येक भिंतीबद्दल म्हणाले. बाहेरच्या पॅसेजच्या भिंतीबद्दलही म्हणाले, जिचा कामाशी काही संबंध नव्हता.

मी माझे मुद्दे वाचून दाखवले. उंबरा काढायचा. आतली लादी आणि पॅसेजची लादी सरळ एका पातळीत. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आत ढाळ द्यायचा, तो मागच्या कोपऱ्यातल्या जाळीकडे.

"होऊन जाईल," दाजी म्हणाले.

"ढाळ नीट हवा हं दाजी. उंबरा नसणार, म्हणजे सगळं ढाळावरच आहे."

"वहिनी, ता काय मोठा नाय. होऊन जाईल."

या माणसाच्या तोंडून मी 'नाही' हा शब्द ऐकला नाही. निळसर लादी मिळेल? होऊन जाईल. शनिवारपर्यंत? होऊन जाईल. दुपारी दोन ते चार सोसायटीत ठोकाठोक बंद असते, तर? होऊन जाईल. समोरचा माणूस खूश झाला, की त्यांच्या दृष्टीने काम निम्मं संपलेलं असे.

कामाच्या पहिल्या दिवशी ते नारळ घेऊन आले. बाथरूमच्या दारात उदबत्ती लावली, चपला जिन्यात काढल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आईंनी खुर्ची पुढे ओढून घेतली. डोक्यावर पदर घेतला.

"बा देवा म्हाराजा! गावच्या रवळनाथा! आज ह्या दिंडोशीच्या वास्तूत काकींची न्हाणी फोडूक हात घातलेलो आसा. तर हातोडीक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई.

"खालच्या मजल्यार पाणी गळान नको. सेक्रेटरीक सुबुद्धी दी. दुपारचो आवाज झालोच, तर तो त्येच्या कानार पडान नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई आणि, मला वाटतं, शिरीषसुद्धा.

"आणि काकी आपल्या पायांनी न्हाणीत जाऊन, दार लावन, सुखान आंघोळ करतीत, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आईंचा आवाज जरा चिरकला.

खरं सांगते, मलाही बरं वाटलं. कशासाठी काय करायचं आहे, हे इतकं थोडक्यात मलाही मांडता आलं नसतं. देवाला सगळं व्यवस्थित सांगून झालं होतं. लादी बसवणाऱ्यांना मात्र यातलं एक अक्षरही सांगितलेलं नव्हतं, हे नंतर समजलं.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी बाथरूम उघडं पाडलं. लादी, भिंतीच्या टाइल्स, नळ, उंबरा, झाडून सगळं. डेब्रिजची पोती पॅसेजमध्ये रचली आणि नाहीसे झाले. ही त्यांची पद्धत. पहिल्या दिवशी सगळं फोडून ठेवायचं. एकदा फुटलं, की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार कुठे? मी त्यांना हे तोंडावर विचारलं, तर दुखावले. "छे छे वहिनी. फोडला की घराक कळता, काम सुरू झाला म्हणून."

घराला कळलं होतं. आम्हालाही. आम्ही दोघं आमच्या खोलीतल्या अरुंद बाथरूममध्ये कोपर आपटत अंघोळी करत होतो, आणि आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून होत्या.

मी रोज ऑफिसला निघण्याआधी फोन करायचे. दाजी फोन उचलायचे, हा त्यांचा मोठा गुण. "निघालो वहिनी. हायवेवर आहे. ट्रॅफिक आहे ना."

एका सकाळी मी दार ओढून जिन्यात आले आणि फोन लावला. त्यांच्या फोनची रिंग म्हणजे पखवाजाची थाप. ती मला चक्क जिन्यातून ऐकू आली. खालच्या मजल्यावरून. मी एक मजला उतरले. नाडकर्णींचं दार सताड उघडं, पॅसेजमध्ये डेब्रिजची पोती, आणि आत उलट्या बादलीवर दाजी. एका हातात चहा, दुसऱ्या हातात फोन.

"निघालो वहिनी," ते फोनमध्ये म्हणाले, आणि मग मी दिसले.

दुसरा कुणी असता तर वरमला असता. दाजींचा चेहरा खुलला. "घ्या! म्हटलं ना, आलोच म्हणून? बिल्डिंगमध्येच आहे."

"यांचं कधी फोडलंत?"

"काल," नाडकर्णीबाई आतून म्हणाल्या. "मला म्हणाले, वरचं संपलं."

"आटपत आला, असा म्हटलंय," दाजींनी दुरुस्ती केली. "नाडकर्णीवहिनी, ह्या आमच्या काकींच्या सूनबाय. ह्यांना पण चहा टाका."

मी चहा घेतला नाही. नाडकर्णीबाईंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. काय बोलणार? आम्हां दोघींची बाथरूमं एकाच माणसाच्या मुठीत होती.

त्या दिवशी संध्याकाळी ते कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन आले. दाजींची ही आणखी एक सवय, आणि तिचा अर्थ लावायला मला थोडा वेळ लागला. गावाहून आलेलं काहीतरी त्यांच्या पिशवीत कायम असे. काही बिनसलं, की ते बाहेर निघे. कोकम म्हणजे कारागीर आज येणार नाही. आगळ म्हणजे उद्याही येणार नाही. काजूगर आले, तर समजायचं की प्रकरण गंभीर आहे. एकदा मी ऑफिसातून आले तर डायनिंग टेबलावर काजूगर आणि फणसाची साठं, दोन्ही. मी पर्स न ठेवता तशीच बाथरूमकडे धावले. गरम पाण्याची लाइन फुटली होती.

आईंना यातलं काही लागत नसे. त्यांना साठं आवडायची. दाजी बादलीवर, आई खुर्चीत, आणि दोघांची मालवणी सुरू. कुणाच्या आंब्याला मोहोर आला, कुणाच्या मुलाने घर विकलं, देवळाच्या कळसावरून कोण कुणाशी बोलत नाही. मी मध्येच ढाळाचं काढलं, की आई मला गप्प करायच्या. "जरा थांब गो. माणसाक श्वास तरी घेऊ दी." जिच्यासाठी मी भांडत होते, तीच माझ्याविरुद्ध साक्षीला उभी. हे मला लादीपेक्षाही जास्त टोचायचं.

अन्यायही करायला नको. भिंतीतला दांडा त्यांनी छान बसवला. स्टीलचा, पकडीला जाड. बसवून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, बगा," आणि त्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून त्यांनी पाय वर उचलले. साठीपुढचा माणूस, तारेचा चष्मा नाकावर घसरलेला, आमच्या बाथरूममध्ये लोंबकळत होता. "हलता काय? बगा, हलता काय?" आई खुर्चीतून टाळ्या वाजवत होत्या. दांडा हलला नाही. आजही हलत नाही. म्हणून तर आणखी राग येतो. या माणसाला काम येत नाही असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

लादी बसली, सिमेंट सुकलं आणि पाणी सोडून बघायचा दिवस आला. मी सुट्टी घेतली होती. भरलेली बादली मी लादीवर ओतली. पाणी क्षणभर थबकलं, मग शांतपणे वळलं आणि दाराकडे आलं. माझ्या पायांवरून पॅसेजमध्ये गेलं. मागच्या कोपऱ्यातली जाळी कोरडी ठणठणीत.

दाजी उकिडवे बसले. पाण्याकडे इतक्या सहानुभूतीने बघत राहिले, की जणू ते त्यांच्या नात्यातलं होतं.

"नवीन लादी आहे ना," ते शेवटी म्हणाले. "पाण्याला सवय नाय. दोन-चार दिवस वापरा. पाणी आपली वाट शोधतं."

"दाजी, पाण्याला वाट सापडलेली आहे. ती माझ्या हॉलमध्ये जाते."

"तुमचा पॅसेजच उताराला असेल."

मी देवघरातून पूजेची सुपारी आणली आणि बाथरूमच्या मधोमध ठेवली. ती हळूच गडगडत दाराशी आली आणि दाजींच्या अंगठ्याला लागून थांबली. दाजींनी ती उचलली, कपाळाला लावली आणि मला परत दिली.

"लादी उचलून परत बसवा," मी म्हटलं. "दुसरा इलाज नाही."

हे ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. फोडण्यात ज्या माणसाला एवढा उत्साह, त्याला स्वतः बसवून घेतलेली लादी मात्र फोडवत नव्हती. ते गुडघ्यांवर बसून सांध्यांवरून बोट फिरवत राहिले. "एकसारखी बसलीय हो वहिनी. एक लादी वर-खाली नाय." खरंच नव्हती. इतक्या सुबक लाद्या मी फार कमी घरांत पाहिल्या आहेत. सगळ्या सुबकपणे दाराकडे झुकलेल्या.

"मी बगतो काय ते," दाजी म्हणाले. "होऊन जाईल."

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसातून आले तेव्हा टेबलावर काहीच नव्हतं. ना कोकम, ना काजू. मला हायसं वाटलं. मी पॅसेजमध्ये गेले आणि दिवा लावला.

बाथरूमच्या दारात उंबरा होता. काळ्याभोर ग्रॅनाइटचा, चार बोटं उंच, कडा गोल घासून गुळगुळीत केलेल्या, दोन्ही टोकांना कोरलेली छोटी कमळं. आणि त्यावर हळद-कुंकवाची ताजी बोटं.

"दाजींनी दिल्यान," आई मागून म्हणाल्या. वॉकरला धरून उभ्या होत्या, चेहरा आनंदाने फुललेला. "आपल्याकडून. माझ्यासाठी म्हणून. आता पाणी भायर येवचा नाय. बादली ओतून दाखवल्यान माका."

"आणि हळद-कुंकू?"

"माझ्या सांगण्यावरून त्यांनीच लावल्यान. माका वाकूक येना नाय."

सासरे गेल्यापासून आई स्वतःच्या कपाळाला कुंकू लावत नाहीत. पण आमच्या मुख्य दाराच्या उंबऱ्याला रोज सकाळी हळद-कुंकू लागतं. ऑपरेशननंतर ते काम त्यांनी संगीताला लावून दिलं आहे.

"आई, हे बाथरूम आहे!"

"उंबरो तो उंबरो."

वॉकर पुढे ढकलून आत जाऊन बघा, एवढंच मी म्हटलं. आईंनी वॉकर पुढे ढकलला. पुढचे दोन पाय ग्रॅनाइटला खट् करून लागले. त्यांनी वॉकर थोडा उचलला, तसा तोल जाऊ लागला आणि मी त्यांना धरलं. पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. पुन्हा खट्. मग त्या थांबल्या. आतला स्टीलचा दांडा दिसत होता. स्टूलही मी ठेवून दिलं होतं. आई त्या स्टुलाकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचा आनंद मावळला. मग वॉकर वळवला, खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

पाणी अडवायला बांधलं आणि अडल्या आई. त्या रात्री मी दाजींना फोनवर जे बोलले, ते इथे लिहीत नाही. ते मधे मधे "बरोबर आहे" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "रविवारी येतो. गावाला निघायच्या आधी."

होळीच्या आधीचा रविवार. दाजी खरोखर आले. शिमग्याला त्यांच्या गावात देवाची पालखी घरोघर फिरते, आणि आपल्या दारात पालखी येते तेव्हा दाजी मुंबईत असणं शक्य नसतं. कपड्यांची बॅग घेऊनच आले होते. संध्याकाळी हायवेवरून गाडी होती. बादली ओढून उंबऱ्यासमोर बसले. छिन्नी लावली. हातोडी उचलली. आणि खाली ठेवली.

"वहिनी, ह्याला कुंकू लागलंय."

"मग?"

"कुंकू लागलेल्या दगडावर मी घाव घालत नाय. बापाशीनं सांगितलेलं. आजवर नाय घातला."

"मग लावलंत कशाला?"

"काकींनी सांगितलं." एवढं म्हणून ते खाली बघत राहिले. "दगडाला काय माहीत, आत न्हाणी आहे की देवघर. शिमगा होऊ द्या. गावाला जाऊन देवाला कौल लावतो. देवानं हो म्हटलं, की आल्या आल्या पहिलं हेच काम."

शिरीष सोफ्यावरून म्हणाला, "जाऊ दे ना यार, आपण दुसऱ्या कुणाकडून..."

"दुसऱ्याला लावू नको शिरीष," दाजी कळवळून म्हणाले. "माझ्या हातचा दगड आहे. माझ्यावरच येणार."

माझा संयम संपला. "दाजी, आमच्या बाथरूमचं काम आता देवाच्या होकारावर अडलंय का? पहिल्या दिवशी याच दारात उभं राहून त्याला काय सांगितलंत? काकी आपल्या पायांनी आत जातील, दार लावून अंघोळ करतील. त्याने ऐकलं असेल हो! तुम्ही ऐकलं नाहीत. मी सांगितलेलं नाही ऐकलंत, ते सोडा. स्वतः बोललात तेसुद्धा नाही!"

दाजी चष्मा काढून त्याची तार सरळ करत बसले.

पॅसेजमधून वॉकरचा आवाज आला. आई आल्या. एका हाताने वॉकर धरलेला, दुसऱ्या हाताने संगीताचा लांब दांड्याचा मॉप ओढत आणलेला. मॉप ओला होता. त्या काय करणार ते माझ्या लक्षात आलं आणि मी पुढे झाले.

"आई, द्या इकडे. मी पुसते."

"तू नको." आवाज असा, की मी हात मागे घेतला. "तू सवाष्ण. तू सर मागे."

मी असलं काही मानत नाही. तरी मागे सरले.

वाकायची बंदी होती म्हणून त्यांनी उभ्यानेच मॉप पुढे ढकलला. एकदा ढकलला, लाल-पिवळा ओघळ ग्रॅनाइटवर पसरला. पुन्हा ढकलला. कमळांच्या खाचांत अडकलेलं कुंकू निघेना, तेव्हा मॉपचा कोपरा तिथे दाबून धरला. दाजी बादलीवरून उठून उभे राहिले होते.

"काकीनू..."

"माझा पुसला तेव्हा ह्या घर पडला नाय," आई म्हणाल्या. "दगडाचा पुसूक भय कसला? आता कुंकू नाय. घाल हातोडी."

दाजी खाली बसले, या वेळी बादलीवर नाही, जमिनीवर. छिन्नी लावली. पहिला घाव इतका हळू घातला की दगडावर खरवडसुद्धा उठली नाही.

"दाजी," आई म्हणाल्या, "मी उभी रवलंय. पाय दुखतत."

दुसरा घाव नीट बसला. तिसऱ्याला ग्रॅनाइट तडकलं. कमळाचं एक टोक सुटून माझ्या पायाशी आलं. दोन ते चार ठोकाठोक बंद असते आणि तेव्हा पावणेतीन वाजले होते, पण खालून सेक्रेटरींचा फोन आला नाही.

तुकडे मी डेब्रिजच्या पोत्यात टाकणार, तर दाजींनी हात आडवा केला. स्वतः उचलले, पुसले, खांद्यावरच्या पंच्यात बांधले. "गावच्या नदीत सोडतो," म्हणाले. उंबऱ्याची जागा त्यांनी सिमेंट भरून सपाट केली, हाताने, बराच वेळ. चहा घेतला नाही. आईंच्या पाया पडले आणि निघाले.

मी गॅलरीत गेले. खाली गेटपाशी रिक्षा थांबली होती. वॉचमन ते गाठोडं घ्यायला पुढे आला तर दाजींनी दिलं नाही. बॅग मागे टाकली आणि गाठोडं मांडीवर घेऊन बसले, लहान मूल घ्यावं तसं. वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर मी ढाळाचं विचारलं असतं, हे त्यांना नक्की ठाऊक होतं.

सिमेंट सुकल्यावर आई पहिल्यांदा आत गेल्या. संगीता दारापर्यंत गेली, तिला बाहेर ठेवलं. कडी लावायची नाही, एवढीच माझी अट होती. ती त्यांनी कशीबशी मान्य केली. दार बंद झालं. आतून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग पुन्हा तांब्याचा. बराच वेळ.

दाराखालून पाणी येऊ लागलं. मी आधीच वायपर घेऊन उभी होते. मी हाक मारेपर्यंत त्यांनी बाहेर यायचं नाही, असं ठरलं आहे. रोज तसंच चालतं. शिमगा होऊन गेला. दाजींच्या गावात रेंज नाही. कधी लागलाच, तर फोनवर पालखीचे ढोल इतके जोरात वाजतात की त्यांना माझं ऐकू येत नाही, असं ते म्हणतात.

"पाणी भायर येता काय गो?" त्या पहिल्या दिवशी आतून आईंनी विचारलं.

"नाही आई. तुम्ही सावकाश करा."

मी पाणी लोटत लोटत स्वयंपाकघराच्या मोरीपर्यंत नेलं. ढाळ अजून द्यायचा आहे.